बागांच्या नोंदींवरून 'यामुळे रास वाढली' असे लिहिता येईल का?

केळीबाग_रावेर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाच्या नोंदवहीचे काम माझ्याकडे आहे. सभासदांच्या केळीबागांची माहिती आम्ही गेल्या काही हंगामांपासून नियमित लिहून ठेवत आहोत: लागवड मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची) की कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची), रोपे टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) की कंदाची, ठिबकातून कोणती खते किती दिली, निसवण (घड बाहेर पडणे) केव्हा झाली आणि कटाईच्या वेळी घडाची सरासरी रास, म्हणजे वजन, किती पडली. या नोंदी एकत्र मांडल्यावर दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. टिश्यूकल्चरच्या बागांची रास कंदाच्या बागांपेक्षा बरीच जास्त आहे. तसेच ज्या सभासदांनी मागील हंगामात एक जैविक वाढवर्धक आळवणीतून (पाण्यात मिसळून मुळांशी ओतून) दिले, त्यांची रास न देणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. ते वाढवर्धक विकणारे प्रतिनिधी आमच्याच नोंदी आमच्यापुढे ठेवून 'हा तुमच्याच गावचा प्रयोग आहे, याहून मोठा पुरावा कोणता?' असे विचारतात, आणि पुढील मृगबागेसाठी संपूर्ण गटाने एकत्रित खरेदी करावी असा त्यांचा आग्रह आहे.

अहवाल लिहायची जबाबदारी माझी असल्यामुळे मला तीन शंका आहेत. आमच्या नोंदींना प्रयोग म्हणता येईल का, हे प्रथम कळावे. शेजारच्या गावांचे गट सामील करून बागांची संख्या कित्येक पट वाढवली, तर निष्कर्ष पक्का होईल का, ही दुसरी शंका आहे. तिसरी शंका अशी की, कापूस व ज्वारीच्या पीक कापणी प्रयोगात सर्व्हे नंबर यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात. मग आम्हीही नोंदीसाठी बागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर आमचे काम प्रयोग ठरेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

गणितशिक्षक_जळगाव

आपल्या नोंदी निरीक्षण या प्रकारात मोडतात, प्रयोगात नव्हे, आणि असे म्हणताना नोंदींचा दर्जा हलका आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. निरीक्षण आणि प्रयोग यांतील फरक मोजमापाच्या काटेकोरपणात नसतो. कोणत्या बागेला वाढवर्धक मिळावे आणि कोणत्या बागेला मिळू नये, हे कोणी व कशाच्या आधारे ठरवले, एवढ्यावरच तो अवलंबून असतो. आपल्या गटात ते प्रत्येक बागमालकाने स्वतः ठरवले. ज्याच्या हाती पैसा खेळता होता, ज्याच्या कूपनलिकेला मे महिन्यातही पाणी टिकते, जो रोज बागेतून एक फेरी मारल्याशिवाय जेवत नाही, अशा मालकाने महागडे वाढवर्धक घेतले असण्याची शक्यता अधिक आहे, आणि नेमक्या अशाच मालकाची बाग वाढवर्धकाविनाही सरस आली असती. याउलट हलक्या जमिनीतला, उसनवारीवर हंगाम काढणारा शेतकरी ते घेत नाही. दोन गटांच्या राशीतील फरकात मग जमीन, पाणी, भांडवल, देखरेख आणि वाढवर्धक या सर्वांचा वाटा एकत्र मिसळलेला असतो, आणि त्यातून वाढवर्धकाचा वाटा वेगळा काढण्याचे साधन नुसत्या सरासरीत नसते.

टिश्यूकल्चरच्या बाबतीत हेच आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे केवळ समजावण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, टिश्यूकल्चरच्या ५० बागा आहेत आणि कंदाच्याही ५० आहेत. टिश्यूकल्चरवाल्यांपैकी ४० बागा काळ्या कसदार जमिनीत व १० हलक्या जमिनीत आहेत. कंदवाल्यांचे प्रमाण बरोबर उलटे, म्हणजे १० कसदार व ४० हलक्या. कसदार जमिनीत टिश्यूकल्चरची रास २४ किलो आणि कंदाची २३ किलो पडते. हलक्या जमिनीत अनुक्रमे १७ आणि १६ किलो. दोन्ही जमिनींत फरक फक्त १ किलोचा आहे. आता जमीन विसरून एकूण सरासरी काढा. टिश्यूकल्चरची २२.६ किलो येते आणि कंदाची १७.४ किलो, म्हणजे फरक थेट ५.२ किलोंचा. वरचे ४.२ किलो रोपांनी दिलेले नसून जमिनीने दिलेले आहेत, पण जमा मात्र रोपांच्या खात्यावर झाले.

दुसऱ्या शंकेचे उत्तर याच उदाहरणात आहे. १०० ऐवजी १०,००० बागा घेतल्या आणि जमिनींचे प्रमाण तसेच राहिले, तर फरक ५.२ किलोच येईल. नोंदी वाढल्याने योगायोगाची चढउतार कमी होते, पण तुलनेतला कल जागच्या जागी राहतो. चुकीचा आकडा अधिक आत्मविश्वासाने सांगता येईल, एवढीच त्यातून भर पडेल.

जमिनीची नोंद असेल तर कसदार बागांची कसदार बागांशी आणि हलक्या बागांची हलक्या बागांशी तुलना करावी. आपल्याकडे लागवडीचा हंगाम नोंदलेला आहे, त्यामुळे मृगबाग व कांदेबाग निश्चितपणे वेगळ्या काढाव्यात, आणि पिलबागेची (जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या बागेची) नवती, म्हणजे नव्याने लावलेल्या, बागेशी तुलना तर करूच नये. परंतु हा उपाय ज्या घटकाची नोंद आहे त्याच्यापुरताच चालतो. मालकाची बागेवरची नजर नोंदवहीच्या कोणत्या रकान्यात लिहिणार?

आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. वाढवर्धक घेणाऱ्यांपैकी काहींनी आधीच्या हंगामात रास फारच कमी पडली म्हणून ते घेतले होते का? एखाद्या वर्षी बाग नेहमीपेक्षा फार खाली गेली, तर पुढच्या वर्षी ती बहुधा आपोआपच नेहमीच्या पातळीकडे येते, कारण त्या वर्षीचे वादळ किंवा कडाक्याची थंडी दर वर्षी तितकीच नसते. मधल्या काळात जे काही वापरले असेल त्याला श्रेय मिळते. 'आधी व नंतर' अशी छायाचित्रे दाखवून जी विक्री होते, तिचा बराचसा आधार हाच असतो.

आता पीक कापणीविषयी. तेथे यादृच्छिकता आहे हे खरे आहे, पण ती निवडीची आहे, वाटपाची नाही. तालुक्यातील कोणती शेते मोजायची हे तेथे यादृच्छिक पद्धतीने ठरते, त्यामुळे थोड्या शेतांवरून संपूर्ण मंडळाच्या सरासरी उत्पादनाचा भरवशाचा अंदाज बांधता येतो. साताऱ्याकडील बुध या गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये या पद्धतीवर मोलाचे काम केले. परंतु त्या शेतात कोणते खत पडले हे मोजणाऱ्याने ठरवलेले नसते. म्हणून 'या तालुक्यात कापसाचे उत्पादन किती?' याचे उत्तर त्यातून मिळते, 'अमुक खतामुळे ते किती वाढले?' याचे मिळत नाही. आपण बागा चिठ्ठ्या टाकून निवडल्यात तर अहवाल संपूर्ण गावाला लागू होईल, ही मोठीच जमेची बाजू आहे. कारण मात्र त्यातून सिद्ध होणार नाही. त्यासाठी चिठ्ठी वाढवर्धकाच्या वाटपासाठी टाकावी लागेल.

तूर्त अहवालात 'वाढवर्धक देणाऱ्या सभासदांच्या बागांत रास अधिक आढळली. या बागांची जमीन व पाणी यांतही फरक होता' असे लिहावे. 'वाढवर्धकामुळे' हा शब्द आजच्या नोंदींच्या आधारे लिहू नये.

तापीकाठ_चोपडा

सरांचे विवेचन वाचले आणि त्यातील बरेचसे पटले. तरीही चिठ्ठ्या टाकून शेती करणे हे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शोभते, आमच्या वावरात नाही, असे मला वाटते. आमच्याकडे नवीन काही आले की रीत साधी आहे. अर्ध्या शेतात वापरायचे आणि अर्धे तसेच ठेवायचे. मालक एक, सालदार एक, विहीर एक, लागवडीचा दिवस एक. दोन्ही बाजूंना हजार-हजार खोडे असतात, त्यामुळे योगायोगाचाही प्रश्न उरत नाही. एका बाजूची रास दोन किलोंनी वर गेली तर ते कारण नव्हे, तर आणखी काय?

दुसरे असे की, शेतीतील मोठे बदल कोणी चिठ्ठ्या टाकून स्वीकारलेले नाहीत. बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच खान्देशातले कापसाचे जवळपास सगळे शिवार बीटीखाली गेले. शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात बोंडे पाहिली आणि निर्णय घेतला. तो निर्णय चुकला होता असे कोणाला म्हणायचे आहे का?

गणितशिक्षक_जळगाव

भाऊ, आपली अर्ध्या-अर्ध्याची रीत गटाच्या नोंदींपेक्षा निश्चितच पुढची आहे, कारण मालक, पाणी आणि दिवस यांतील फरक तीत राहत नाहीत. तरी दोन अडचणी शिल्लक राहतात.

पहिली अडचण हजार-हजार खोडांची आहे. त्या हजार खोडांवर एकच माती, सबमेनपासूनचे (ठिबकाच्या मुख्य नळीपासूनचे) एकच अंतर, एकाच दिशेचा वारा आणि एकच उतार यांचा परिणाम एकत्रितपणे होत असतो. नाल्याकडची अर्धी बाजू वरच्या बाजूपेक्षा मुळातच खोल असेल, तर तिकडची हजारही खोडे एकदमच सरस येतील. म्हणून येथे हजार तुलना झालेल्या नसून एकच तुलना झालेली आहे, आणि एका तुलनेवरून वाढवर्धक व जमीन यांना वेगळे करता येत नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड येथे १८४३ पासून गव्हावर खतांचे पट्टे चालू आहेत. काळजीपूर्वक केलेल्या मोजण्यांचा तेवढा जुना साठा जगात क्वचितच असेल, पण तेथेही मूळ मांडणीत साधारणपणे एका खताला एकच लांब पट्टा दिलेला होता. १९१९ साली रोनाल्ड फिशर तेथे रुजू झाले ते या साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी, आणि पुढे १९२६ सालच्या लेखात त्यांनी शेतातील प्रयोगांसाठी वाफ्यांची पुनरावृत्ती करावी आणि वाटप यादृच्छिक पद्धतीने करावे अशी मांडणी केली. तेव्हा ही चिठ्ठी शेताच्या बांधावरच जन्मली, आणि औषधांच्या चाचण्यांनी ती नंतर उचलली. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधील प्रसिद्ध चाचणी १९४८ साली प्रकाशित झाली.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. कोणत्या अर्ध्याला औषध द्यायचे, हे आपण निवडता. रस्त्याच्या कडेचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा किंवा मनातून चांगला वाटणारा भाग आपोआप निवडला जातो, आणि शेतकऱ्याला आपल्या शेताची नस माहीत असते म्हणूनच ही निवड निष्पक्ष राहत नाही.

यावरचा उपाय महाग नाही. शेताचे अर्धे-अर्धे करण्याऐवजी शेजारी-शेजारी असलेल्या पट्ट्यांच्या आठ जोड्या आखाव्यात. प्रत्येक जोडीत नाणे उडवावे आणि छापा आला तर उत्तरेकडच्या, काटा आला तर दक्षिणेकडच्या पट्ट्याला वाढवर्धक द्यावे. दुसऱ्या पट्ट्याला तेवढ्याच नुसत्या पाण्याची आळवणी करावी, नाहीतर जादा ओलाव्याचा परिणामही वाढवर्धकाच्या नावावर जाईल. पट्ट्यांच्या सीमेवरच्या ओळी मोजणीतून वगळाव्यात, कारण मुळे हद्द पाळत नाहीत. एखादे औषध ठिबकातून द्यायचे असेल तर ते संपूर्ण व्हॉल्व्हला जाते. तेव्हा चिठ्ठीही व्हॉल्व्हनिहाय पडली पाहिजे, ओळीनिहाय नाही.

वाढवर्धकात काहीही दम नसेल, तर प्रत्येक जोडीत कोणती बाजू सरस ठरते हे नाण्यावरच अवलंबून राहील. तशा स्थितीत आठही जोड्यांत त्याचीच बाजू वर येण्याची शक्यता २५६ मध्ये १ आहे, आणि किमान सात जोड्यांत वर येण्याची २५६ मध्ये ९ आहे. म्हणून आठपैकी सात किंवा आठ जोड्या वाढवर्धकाच्या बाजूने बोलल्या, तर योगायोग हे स्पष्टीकरण फार दुबळे पडते. आणि नाणे जमिनीची खोली पाहून पडत नसल्यामुळे जमीन, उतार, वारा हीही स्पष्टीकरणे त्याच हिशेबात बसतात. पाच-तीन असा निकाल आला तर त्यातून काहीच सिद्ध झाले नाही असे समजावे, मग सरासरीतला फरक कितीही मोहक दिसो.

बीटीबद्दल थोडक्यात. शेतकऱ्यांचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. मान्यतेपूर्वी क्षेत्रीय चाचण्या झालेल्या होत्या, आणि अळी बोंड पोखरताना किंवा मरताना डोळ्यांना दिसते, तेथे कारणाचा दुवा समोरच असतो. परंतु त्यानंतर देशाचे कापूस उत्पादन जितके वाढले, त्यातील किती वाटा बीटीचा, हा वेगळा प्रश्न आहे. त्याच वर्षांत खतांचा वापर वाढला, संकरित वाणांचे क्षेत्र वाढले, नवी कीटकनाशके आली आणि काही भागांत सिंचनही वाढले. या वाट्यांवर अभ्यासकांत आजही वाद आहे, आणि तो निरीक्षणांवर आधारलेल्या निष्कर्षांचा नेहमीचा वाद आहे. पुढे गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाली, हे आपण आपल्या शिवारात पाहतोच आहोत.

सातपुडा_आरोग्य

मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव भागात आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. येथे एक बाजू मांडली गेली नाही असे वाटते, म्हणून लिहीत आहे. शेतात नाणे उडवता येते. आमच्याकडे बहुतेक वेळा येत नाही. मग आमच्या सर्व निष्कर्षांना कारण म्हणण्याचा अधिकारच नाही का?

प्रथम निरीक्षण कसे फसवते, याचे आमच्याकडचे उदाहरण देतो. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण आणि घरीच राहिलेल्या कुपोषित मुलांतील प्रमाण यांची सरळ तुलना केली, तर केंद्र धोकादायक आहे असा निष्कर्ष निघू शकेल. परंतु केंद्रात तीच मुले पाठवली जातात ज्यांचे कुपोषण तीव्र आहे आणि सोबत ताप, जुलाब, न्यूमोनिया यांसारखी गुंतागुंत आहे. उपचार कोणाला द्यायचा हे आजाराच्या गंभीरतेनेच ठरत असल्यामुळे उपचार आणि वाईट परिणाम हातात हात घालून दिसतात. केळीच्या उदाहरणात वाढवर्धक चांगल्या बागांकडे गेले, येथे उपचार सर्वांत आजारी मुलांकडे जातो. दोन्ही ठिकाणी वाटप कोणी केले हाच प्रश्न आहे, फक्त दिशा उलटी आहे.

मोठ्या देशांतही असे घडले आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अनेक मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसत होते. अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या यादृच्छिक चाचणीत, २००२ साली, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी होण्याऐवजी काहीसे वाढलेलेच दिसले, आणि चाचणीचा तो भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. संप्रेरके स्वतःहून घेणाऱ्या स्त्रिया मुळात अधिक सुस्थितीतील व आरोग्याबाबत जागरूक होत्या, हे त्या विसंगतीचे एक मोठे स्पष्टीकरण आहे. वय आणि उपचार सुरू करण्याची वेळ यांचाही त्यात वाटा असावा, यावर पुढे बरीच चर्चा झाली.

तरीही तंबाखूचे काय? कोणीही माणसांच्या दोन गटांत चिठ्ठ्या टाकून एका गटाला वीस वर्षे सिगारेट ओढायला लावलेली नाही, आणि लावूही नये. रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या सवयींची तुलना प्रकाशित केली, आणि १९५१ पासून सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी नोंदवून त्यांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. येथे निरीक्षणच आहे, पण कसलेले निरीक्षण आहे. धूम्रपान जितके जास्त, तितका धोका जास्त दिसला. सोडणाऱ्यांचा धोका कालांतराने उतरताना दिसला. सवय आधी आणि आजार नंतर, हा क्रम पक्का होता. आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या पद्धतींच्या अभ्यासांतून तेच उत्तर आले. गंमत अशी की सरांनी ज्यांचा गौरवाने उल्लेख केला, ते फिशर स्वतः या निष्कर्षाच्या विरोधात होते. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एखाद्या समान आनुवंशिक घटकातून येत असतील, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि ते स्वतः पाइप ओढत असत. त्यांना उत्तर १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड व सहकाऱ्यांनी दिले: धूम्रपान करणाऱ्यांचा धोका नऊपट असेल आणि तो संपूर्णपणे एखाद्या लपलेल्या घटकामुळे असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या किमान नऊपट आढळला पाहिजे. असा घटक कोणाला दाखवता आला नाही. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते, कारण 'काहीतरी लपलेले असेल' एवढे म्हणून सुटता येत नाही. ते किती मोठे असावे लागेल, हेही सांगावे लागते.

आणि कधीकधी नाणे निसर्गच उडवतो. आमच्या भागातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. आई-वडिलांपैकी एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता निम्मी असते, आणि हे वाटप जमीन, उत्पन्न, रस्ता किंवा कोणाची इच्छा यांपैकी कशावरही अवलंबून नसते. एकाच घरातली, एकाच चुलीवरचे खाणारी, त्याच डासांत वाढणारी दोन भावंडे, आणि त्यांच्यातला हा फरक जन्माआधीच ठरलेला. वाहक व्यक्तीला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते, हे १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून मांडले आणि पुढील अनेक अभ्यासांनी ते पक्के केले. हे लोकांनी ठरवलेले वाटप नाही, म्हणूनच या निरीक्षणांना प्रयोगाचे बळ आले.

मधला मार्गही असतो. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी सुरू केली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले. गावे चिठ्ठीने वाटलेली नव्हती, पण दोन्ही गटांची आधीची स्थिती मोजलेली होती आणि नंतरचा फरक त्या पायावर ताडून पाहता आला. तुमच्या गटाने जुन्या हंगामांच्या नोंदी ठेवलेल्या आहेत, त्याचा उपयोग असाच करता येईल.

केळीबाग_रावेर

सर, डॉक्टरसाहेब आणि चोपड्याचे भाऊ, तिघांचेही आभार. एकत्रित खरेदी एक हंगाम पुढे ढकलावी, असे मी गटाच्या बैठकीत सुचवणार आहे. आठ सभासद आपापल्या बागेत पट्ट्यांची एकेक जोडी राखायला तयार झाले आहेत. एकाच शेतात आठ जोड्या घेण्यापेक्षा हे बरे की वाईट? आणखी तीन अडचणी दिसतात. काही सभासदांचे म्हणणे आहे की निसवणीच्या वेळी खोडाचा घेर मोजावा आणि सारख्याच घेराच्या खोडांच्या घडांची तुलना करावी, म्हणजे ती अधिक न्याय्य होईल. दुसरे, एखाद्याकडून मजुरांच्या टंचाईमुळे आळवणीची एखादी पाळी चुकली, तर ती जोडी काढून टाकावी का? तिसरे, कटाई महिना-दीड महिना चालते, मग वजने कधी घ्यावीत?

गणितशिक्षक_जळगाव

आठ बागांत आठ जोड्या घेणे अधिक चांगले, कारण एकाच शेताच्या मातीपुरते बांधलेले उत्तर शेजाऱ्याला लागू होईलच असे नसते. मात्र हे आठ जण स्वेच्छेने पुढे आलेले आहेत, म्हणजे ते बहुधा गटातील उत्साही शेतकरी आहेत. त्यांच्या बागेत वाढवर्धकाने काम केले की नाही, हे आपल्याला नीट कळेल. हलक्या, कमी पाण्याच्या बागांत ते तितकेच काम करील का, हे या आठ जोड्या सांगणार नाहीत. शक्य असल्यास तशा दोन-तीन बागा आग्रहाने सामील कराव्यात. नाणे प्रत्येक बागेत मालकाऐवजी आपण, सर्वांसमोर उडवावे आणि निकाल त्याच दिवशी वहीत लिहावा.

खोडाच्या घेराची सूचना न्याय्य वाटते, पण ती घात करील. वाढवर्धकाचा परिणाम होत असेलच, तर तो आधी खोड जाड होण्यातून आणि मग घड वजनदार होण्यातून दिसणार. सारख्या घेराची खोडे निवडून तुलना केली, तर ज्या वाटेने परिणाम येणार तीच वाट आपण बंद केली, आणि चांगले औषधही निरुपयोगी दिसेल. चिठ्ठी टाकण्यापूर्वी जे मोजता येते, उदाहरणार्थ मातीची खोली किंवा रोपांचे वय, त्यानुसार जोड्या लावाव्यात. चिठ्ठीनंतर जे घडते त्यानुसार निवड करू नये. घेर मोजायला हरकत नाही, पण तो निकाल म्हणून वेगळा लिहावा.

पाळी चुकली तरी जोडी काढू नये. ज्या पट्ट्याच्या वाट्याला वाढवर्धक आले, तो त्याच गटात मोजावा आणि चुकलेल्या पाळीची नोंद शेजारी करावी. आळवणी चुकते ती बहुधा अडचणीतल्या बागेत. अशा बागा वगळत गेलो, तर चिठ्ठीने मिळवलेला निष्पक्षपणा हळूहळू निसटतो आणि उरतात त्या पुन्हा सुस्थितीतल्याच बागा. शिवाय गटाने खरेदी केली तर मजूर तेव्हाही चुकणारच आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात काय पदरात पडेल याचा अंदाज अशाच मोजणीतून मिळतो.

वजनाच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाव्यात. व्यापाऱ्याच्या पहिल्या कटाईत लवकर तयार झालेले, बहुधा भारी घड जातात. तेवढेच मोजले तर जो पट्टा लवकर निसवला तो विनाकारण सरस दिसेल. म्हणून दोन्ही पट्ट्यांची कटाई पूर्ण होईपर्यंत प्रत्येक घड काट्यावर चढला पाहिजे. तसेच सरासरी केवळ कापलेल्या घडांवर काढू नये. हरण्या रोगाने उपटून टाकलेली, वाऱ्याने मोडलेली किंवा न निसवलेली खोडे शून्य किलो धरून पट्ट्यात लावलेल्या एकूण रोपांनी भागावे, नाहीतर ज्या बाजूची दुबळी खोडे मरून गेली त्याच बाजूची रास वर गेलेली दिसेल. पट्ट्यांना केवळ क्रमांक द्यावेत, आणि काट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या क्रमांकाला काय दिले ते ठाऊक नसावे.

किती जोड्यांत सरस ठरल्यास खरेदी करायची आणि किमान किती किलोंची वाढ मिळाली तर औषधाचा खर्च निघतो, हे दोन्ही आकडे लागवडीपूर्वीच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून सभासदांच्या सह्या घ्याव्यात. प्रतिनिधींचीही सही घेता आली तर उत्तम.